गोळी कुणाच्या नावावर

पाचव्या दिवशी सकाळी साडेनऊला विमा कंपनीचं पत्र आलं, आणि क्रेनवालीणबाई एका ओळीत अकरा वर्षांच्या जुन्या आजारी ठरल्या. त्या वेळी बाई परक्या देशातल्या इस्पितळात, सहाव्या मजल्यावर, खिडकीकडच्या पलंगावर उताण्या पडल्या होत्या. उजवा खुबा मोडलेला, दोन्ही पायांच्या मध्ये उशी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ऑपरेशन. लेकीकडे तीन महिने राहायला आल्या त्याला जेमतेम सतरा दिवस झाले होते, आणि त्यातले पाच या पलंगावर.

पत्र थोरलीच्या फोनवर आलं. थोरली दातांचे साचे बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. दिवसभर लोकांचे दात हातात घेऊन बसायची तिला सवय, पण ते पत्र वाचताना तिने स्वतःचे दात असे आवळले की पलीकडच्या पलंगावरच्या म्हातारीने घाबरून नर्सची घंटा दाबली.

पत्रात लिहिलं होतं: विमाधारक महिलेस किमान अकरा वर्षांपासून उच्च रक्तदाब असून तो अर्जात उघड केलेला नाही. पडण्यापूर्वी चक्कर आल्याची नोंद रुग्णवाहिकेच्या अहवालात आहे. सबब दावा नामंजूर. रुग्णाने मायदेशी परतून उपचार घ्यावेत. रुग्णास आडवे झोपवून विमानाने नेण्याचा खर्च, दावा नामंजूर असल्याने, देय नाही.

"म्हणजे इथे करू नका, तिकडे या, आणि तिकडे कसं यायचं ते तुमचं तुम्ही बघा," थोरली म्हणाली. "चालत ये म्हणतायत तुला, आई."

"कशावरून म्हणे अकरा वर्षं?" आईने विचारलं.

"कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे माणूस पाठवला त्यांनी. त्या शहाण्याने कॉम्प्युटरमधनं सगळी बिलं काढून दिली. तुझ्या नावाची, तुझ्या बीपीच्या गोळ्यांची. दुकानात कॉम्प्युटर आला त्या दिवसापासूनची. वर चहा पण पाजला असेल."

आईने छताकडे पाहिलं. मग मान वळवून खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं.

खुर्चीत क्रेनवाले बसले होते. एकतीस वर्षं त्यांनी बंदरातली सगळ्यात उंच क्रेन चालवली आणि एकदाही माल पाडला नाही. त्यांच्याबद्दल बंदरात अजून सांगतात की हुकाला सुई बांधून ते वरून खालच्या माणसाच्या शर्टाचं बटण शिवून देत. शिवलेलं बटण कुणी पाहिलेलं नाही, पण बटण नसलेला शर्टही त्या बंदरात कुणी पाहिलेला नाही. इस्पितळासमोर एक इमारत चढत होती आणि तिथल्या क्रेनवर क्रेनवाल्यांची पाच दिवस नजर होती. "घाई करतोय," एवढंच ते अधूनमधून म्हणत. आज तेही म्हणाले नाहीत.

दहाच्या सुमाराला हिशेब खात्यातल्या बाई आल्या. फार गोड बाई. त्यांनी गुलाबी कागद पलंगाच्या पायथ्याशी अडकवला आणि थोरलीला समजावून सांगितलं. दुपारी चारपर्यंत कंपनीचं हमीपत्र किंवा पूर्ण रक्कम, नाहीतर उद्याच्या यादीतून नाव निघेल. रक्कम अशी होती, की थोरलीने आणि जावयाने घरातल्या भांड्यांसकट सगळं विकलं तरी गुडघ्यापर्यंतचं ऑपरेशन झालं असतं.

त्यांच्या मागोमाग सर्जन आला, चार्ट बघून गेला. जाताना दारात थोरलीला म्हणाला की या वयात अशी एकेक रात्र पडून काढणं वाईट. हाड वाट बघेल, फुप्फुसं बघणार नाहीत.

थोरलीने आईला त्यातलं अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं आईने तिच्या चेहऱ्यावरून वाचलं.

*

भेटायला येणाऱ्यांच्या खोलीत पाण्याच्या जगला टेकवून फोन उभा केला होता, आणि फोनमध्ये धाकटा होता. धाकटा मायदेशी, बापाच्याच बंदरात, सुरक्षा खात्यात अधिकारी. आईबाबांच्या विम्याचा अर्ज त्यानेच भरला होता.

जावई दाराजवळ उभा राहिला. तो बस डेपोत वेळापत्रकं बनवतो. आयुष्यात कुठलीही गोष्ट तो मिनिटांत मोजतो. चारला पाच तास दहा मिनिटं होती.

"तू 'नाही' लिहिलंस," थोरली फोनला म्हणाली. "आजार आहे का, या प्रश्नापुढे तू सरळ 'नाही' लिहिलंस."

"ताई, एजंटच म्हणाला लिहा. 'हो' लिहिलं की हप्ता दुप्पट आणि वर तपासण्या. बीपी काय, सगळ्यांनाच असतं."

"एजंट विहिरीत उडी मार म्हणाला असता तर?"

"हप्ता कमी बसतो का, हे विचारलं असतं मी," धाकटा म्हणाला. कुणी हसलं नाही. "ठीक आहे, चुकलं. पण मला एक सांग, चक्कर हा शब्द अहवालात आला कुठून? आई म्हणते मला चक्कर आलीच नाही. मग रुग्णवाहिकावाल्यांना सांगितलं कुणी?"

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं.

जावयाने आपल्या बुटांकडे पाहिलं. हे बूट साधे होते. त्या दिवशीचे रबरी होते, गुडघ्यापर्यंतचे, पावसाळी. डेपोतून येऊन त्याने ते जिन्याच्या वळणावर काढून ठेवले होते. रोजच ठेवतो. बायको रोज सांगते ठेवू नका, आणि तो रोज म्हणतो एका मिनिटात उचलतो. त्या दिवशी सासूबाई कपड्यांची टोपली छातीशी धरून उतरत होत्या आणि ते मिनिट अजून संपलेलं नव्हतं.

"मी सांगितलं," थोरली म्हणाली. "चक्कर आली असेल म्हटलं. घाईत."

"घाईत? तुला माहीत असताना की तिला बीपी आहे? ताई, मी अर्जात खोटं लिहिलं ते निदान पैसे वाचवायला. तू कशासाठी?"

"माझ्यासाठी," जावई म्हणाला. "माझे बूट होते जिन्यात."

फोनमधल्या धाकट्याने डोळे मिटले. सुरक्षा अधिकाऱ्याला जिन्यात ठेवलेले बूट म्हणजे बायकोच्या माहेरच्यांपेक्षा वाईट. "भाऊजी," तो म्हणाला, "आमच्याकडे येण्याजाण्याच्या वाटेत काही ठेवलं तर माणसाला त्याच दिवशी घरी पाठवतात."

"मी घरीच होतो," जावई म्हणाला.

"तू नको शिकवू त्यांना," थोरली उसळली. सकाळपासून नवऱ्याशी धड बोलत नव्हती, पण भावाने तोंड उघडलं तशी ती एका पावलात नवऱ्याच्या बाजूला गेली. "ते बूट ठेवतात तसे उचलतात पण. तू आईच्या अर्जात बूट ठेवलास आणि सतरा दिवस हूं की चूं नाही. आणि विमा कंपनीवाले तरी कोण मोठे लागून गेले? पैसे घेताना एक तपासणी नाही, एक प्रश्न नाही. हाड मोडल्यावर मात्र माणूस पाठवून मेडिकलमध्ये पानं चाळतात. ही चाळणी आधी नाही लावता आली?"

"आधी लावली तर हप्ता कोण भरेल," जावई म्हणाला.

तिघांनी मग तासभर कंपनीला शिव्या घातल्या, आणि त्यात घराण्याची एकी पुन्हा जुळून आली. ठरलं असं की दावा अधिकाऱ्याला आईच्या पलंगाजवळूनच फोन लावायचा, दोनला, तिकडची जेवणाची सुट्टी संपली की. चक्कर नव्हती, बूट होते, हे जावई सांगेल. अर्ज चुकून तसा भरला गेला, हे धाकटा सांगेल. बीपी होतं पण त्याचा पडण्याशी संबंध नाही, हे थोरली सांगेल.

"आणि बाबा?" जावयाने विचारलं.

"बाबांना यात काय माहीत," थोरली म्हणाली. "त्यांना घरातला डबा कुठला कशाचा हे माहीत नसतं."

*

मुलं बाहेर भांडत होती तेव्हा आईने नवऱ्याला जवळ बोलावलं. हाक मारायला बाईंना कधी आवाज लागला नाही. नुसत्या बघत राहिल्या, आणि क्रेनवाले खुर्ची सरकवत आले.

"अहो," त्या म्हणाल्या, "सांगणार आहात की नाही?"

क्रेनवाल्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली.

"सोळा वर्षं मी बीपीची पेशंट आहे. लग्नकार्यात पंगत बसली की माझ्या पानात वेगळी भाजी. सगळ्यांच्या देखत. वहिनी येऊन सांगायच्या, ही तुमची अळणी. पोरांनी घरात मिठाची बरणी माझ्यापासून लपवली. थोरली तिकडनं फोन करते, आई चाललीस का, आई मिठाचं बघ. सोळा वर्षं मी मान हलवली. मला एक दिवस तरी बीपी होतं का हो?"

"हळू बोल."

"का? पलीकडच्या बाईला आपली भाषा येत नाही."

बीपी होतं क्रेनवाल्यांना. निवृत्तीला पाच वर्षं राहिलेली असताना गल्लीतल्या डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, पारा बघितला, आणि पट्टा झटकून पुन्हा बांधला. हे बंदराच्या कागदावर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी वरची केबिन गेली असती आणि खाली गोदामाच्या दारात स्टूल मिळालं असतं. डॉक्टर शेजारधर्माला जागले. चिठ्ठी लिहिली ती बायकोच्या नावाने. गोळी रोज सकाळी बाई सगळ्यांदेखत पाकिटातून काढायच्या, मुठीत धरायच्या, आणि चहाची कपबशी द्यायला म्हणून आत जाऊन नवऱ्याच्या हातात ठेवायच्या. मुलांनी कायम आईला गोळी काढताना पाहिलं. खाताना पाहायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पुढे डॉक्टर वारले, पण त्यांची चिठ्ठी काही वारली नाही. मेडिकलवाला तिच्यावरच गोळ्या देत राहिला.

"तू निवृत्त झालास... झालात, तेव्हाच मी म्हटलं होतं, आता बदलू नाव," बाई म्हणाल्या. रागात त्यांची जीभ चाळीस वर्षं मागे गेली होती, लग्नाआधी शेजारच्या मुलाला अरेतुरे करायच्या तिथे. "तर म्हणे राहू दे, आता पोरगा लागलाय तिथे."

"तो लागला होता ना."

"मग आता काय?"

क्रेनवाल्यांनी खिडकीकडे बघितलं. "त्याने गेल्या वर्षी दोघांना खाली उतरवलं. याच कारणावरून. गोळ्या लपवून घेत होते. एकाची तीन मुलं आहेत. तो घरी येऊन रडला माझ्याकडे, की पोराला सांगा. मी म्हटलं, नियम आहे."

"असं म्हणालात?"

"म्हणालो."

बाईंना त्या पाच दिवसांत खुब्याची कळ रडवू शकली नव्हती. आता डोळ्यांत पाणी आलं ते निव्वळ संतापाचं. "त्या माणसाला नियम सांगितलात, आणि मी इथे तुमच्या आजाराने मरायचं. माझं हाड मोडलंय. माझं स्वतःचं, माझ्या नावावरचं हाड. त्याला तरी माझ्या नावाने बरं होऊ द्या."

क्रेनवाल्यांनी हाताने कान चोळला. पाच दिवसांत त्यांनी गोळी घेतली नव्हती. गोळ्या बायकोच्या पाकिटात होत्या, आणि पाकीट नर्सच्या कपाटात, रुग्णाचं सामान म्हणून कुलपात. मागायची कशी, कुणाच्या नावाने मागायची, हे त्यांना सुचलं नव्हतं. कानात सकाळपासून समुद्र वाजत होता.

*

धाकट्याला मायदेशी बसून त्या बैठकीतलं फार थोडं दिसलं. कुणीतरी फोन गादीवर तिरका ठेवला होता. त्याच्या वाट्याला आईची हनुवटी, सलाइनची नळी, आणि बाबांचा पोटापासून गुडघ्यापर्यंतचा भाग आला. आवाज मात्र सगळे येत होते. त्यात दावा अधिकाऱ्याचाही, दुसऱ्या फोनवरून, मधासारखा.

"मी आपल्या भावना समजू शकतो, मॅडम."

"तुम्ही भावना नका समजू," थोरली म्हणाली. "हाडाचा एक्सरे समजा. चक्कर नव्हती. बुटात पाय अडकला."

"माझ्या बुटात," जावई म्हणाला. "वेळ पाच सत्तावीस."

"नोंदवून घेतो, सर. पण मॅडम, प्रश्न पडण्याचा नाही. प्रश्न अर्जातल्या माहितीचा आहे. आजार लपवला की पॉलिसी मुळातच लागू होत नाही. मग बूट असो की काही असो."

"मग पत्रात चक्कर कशाला लिहिलीत?"

"पूर्णतेसाठी, मॅडम."

धाकट्याचं डोकं फिरलं. "साहेब, अर्ज मी भरला. तुमच्या एजंटने सांगितलं 'नाही' लिहा."

"एजंटने लेखी सांगितलं होतं का, सर?"

"खोटं कुणी लेखी सांगतं का?"

"मी आपल्या भावना समजू शकतो."

"तिला बीपी नाहीये," बाबांचा आवाज आला.

धाकट्याला वाटलं बाबांना बोलणं नीट कळलं नसावं. ताईलाही तसंच वाटलं. ती म्हणाली, "बाबा, थांबा, ते आता सिद्ध झालंय, आपण दुसरं म्हणतोय."

"काही सिद्ध झालेलं नाही. बीपी मला आहे. गोळ्या माझ्या. नाव तिचं. सोळा वर्षं."

पलंगाजवळ शांतता अशी पडली की धाकट्याला सलाइनचे थेंब ऐकू आले, आणि ते हजारो मैलांवरून. पहिल्यांदा अधिकारीच बोलला, आणि त्याच्या आवाजातला मध थोडा पातळ झाला होता.

"सर, एक मिनिट. हे संभाषण रेकॉर्ड होतंय. आपलीही आमच्याकडे पॉलिसी आहे. अर्जात आपल्या नावापुढे 'आजार नाही' असं आहे. आपण आत्ता जे म्हणालात ते आपल्या पॉलिसीला लागू होईल. तिकडे राहाल तोवर आपल्याला कसलंच संरक्षण राहणार नाही. नोंदवू का?"

"नोंदवा."

म्हणजे मी आईपुढे खोटं 'नाही' लिहिलं ते खरं निघालं, धाकट्याच्या मनात आलं, आणि बाबांपुढे खरं 'नाही' लिहिलं ते खोटं. मग त्याने वर्षं मोजली. सोळातून निवृत्तीनंतरची अकरा गेली. उरलेली पाच त्याला दिसायला लागली.

"पाच वर्षं," तो म्हणाला. "बाबा, पाच वर्षं तुम्ही हे घेऊन वर बसत होता? खाली पाळीला बारा माणसं असायची. त्यांच्या डोक्यावर वीस टनांचा माल आणि वर तुम्ही."

"गोळी घेत होतो. तपासणीत दर वर्षी पास झालो."

"गोळी घेऊन पास होतात ते सगळेच. मी दोघांना घरी बसवलं बाबा, तुमच्या नावाची शपथ घेऊन. म्हटलं, माझा बाप एकतीस वर्षं वर होता, त्याने असलं कधी केलं नाही."

बाबांचे गुडघे हलले नाहीत. उत्तर आईकडून आलं.

"त्यांना एकट्यांना बोलू नकोस. गोळी हातात मी ठेवत होते. बारा माणसं खाली होती हे मलाही माहीत होतं. त्यातल्या चौघांच्या बायका माझ्याबरोबर पाणी भरायच्या. मी रोज संध्याकाळी मोजायचे, बारा परत आली का. तुला ओरडायचंय तर दोघांवर ओरड, आणि ऑपरेशन झाल्यावर ओरड."

"मला हे ऑफिसात लिहून द्यावं लागेल," धाकटा म्हणाला. "सुरक्षेच्या मानाच्या फळ्यावर पहिलं नाव तुमचं आहे."

"दे लिहून," बाबा म्हणाले. "माझ्या सांगण्यावरून दे."

"पण सर," मध्येच अधिकारी म्हणाला, "हे आता आपण म्हणताय. पत्नीचा दावा वाचवायला पती असं म्हणू शकतो. पुरावा काय?"

त्यावर आईने जे सुरू केलं ते धाकट्याने जन्मात ऐकलं नव्हतं. आवाज चढला नाही. "बाळ," ती अधिकाऱ्याला म्हणाली, "तू कागदावरून मला आजारी केलंस, मला न बघता. आता मला बघ. पाच दिवस मी इथे पडून आहे, आकडा चांगला म्हणून पाच दिवसांत इथे कुणी मला बीपीची एकही गोळी दिलेली नाही, आणि ही नर्स पोरगी दर चार तासांनी माझा दंड आवळते. पायथ्याशी तक्ता आहे. जावईबापू, वाचा."

जावयाने वाचला. तारीख, वेळ, आकडा, मिनिटासकट, एकोणतीस नोंदी, एकही न गाळता. एकशे बावीस, एकशे अठरा, एकशे सव्वीस. अधिकारी दोनदा "पुरे, सर" म्हणाला, पण वेळापत्रकवाला माणूस शेवटच्या थांब्याआधी उतरत नाही.

"आणि आता यांना बांधा," आई म्हणाली.

थोरलीने नर्सला सांगितलं. नर्स म्हणाली हे आमचे पेशंट नाहीत. थोरलीने तिला काय सांगितलं ते धाकट्याला कळलं नाही, पण नर्सने पट्टा आणला. फोनच्या चौकटीत बाबांचा दंड आला, म्हातारा, पण अजून दोरखंडासारखा. यंत्र गुरगुरत फुगलं, थांबलं, पुन्हा फुगलं. आकडा आला तसा नर्सचा हात पट्ट्यावरच राहिला. तिने दुसऱ्या दंडाला बांधून पाहिलं. मग ती शांतपणे चालत बाहेर गेली आणि पळत चाकांची खुर्ची घेऊन आली.

"किती?" धाकट्याने विचारलं. "ताई, किती आला?"

"दोनशे चार," ताई म्हणाली. तिचा आवाज रडका झाला होता. "खाली एकशे अठरा. आता बसा ना बाबा."

"बसलेलाच आहे की मी," बाबा म्हणाले.

*

सर्जनने तक्ता बघून चार ओळी लिहून दिल्या, थोरलीने त्या पाठवल्या, आणि मग सगळे फोनकडे बघत बसले. हिशेब खात्यातल्या बाई चारला दहा कमी असताना आल्या, घड्याळाकडे बघितलं, आणि पेन हरवल्याचं सांगून वीस मिनिटं शोधायला गेल्या.

चार वाजून दोन मिनिटांनी पत्र आलं. क्रेनवाल्यांची पॉलिसी तत्काळ रद्द. कारण, महत्त्वाची माहिती दडवली.

चार वाजून नऊ मिनिटांनी दुसरं आलं. बाईंचं हमीपत्र.

"द्यायला सात मिनिटं जास्त लागली," जावई म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बाईंना न्यायला आले. चाकांच्या खुर्चीतून खाली जायला क्रेनवाले तयार झाले नव्हते, म्हणून रात्री नर्सने आपल्या जबाबदारीवर क्रेनवाल्यांना कपाटातल्या गोळ्यांतली एक दिली होती आणि सांगितलं होतं, सकाळी खाली बाह्यरुग्ण विभागात जाऊन रीतसर तपासून घ्या. क्रेनवाले ट्रॉलीच्या कडेला धरून लिफ्टपर्यंत चालत गेले. रात्रभर त्यांनी एक वाक्य तयार केलं होतं. ते तोंडात असतानाच बाईंनी त्यांचा हात ट्रॉलीवरून उचलला आणि खाली सोडला.

"इथे काय करताय?"

"तू आत जाईपर्यंत थांबतो."

"मी कुठे पळून जात नाहीये. खाली जा. रांग लागली असेल. तुमच्या नावाचा केस पेपर काढा, तुमच्या नावाची चिठ्ठी घ्या, आणि ती मी शुद्धीवर आले की मला दाखवा. बाकीचं नंतर बोलू. पुष्कळ बोलायचंय मला."

"थोरली थांबतेय ना तुझ्याजवळ?"

"थांबतेय. जा तुम्ही."

लिफ्टचं दार बंद झालं. तयार केलेलं वाक्य क्रेनवाल्यांकडेच राहिलं.

तळमजल्यावर खरंच रांग होती. जावई बरोबर आला होता, बोलायला. खिडकीमागे चष्मा लावलेला एक तरुण कारकून. त्याने नाव विचारलं, वय विचारलं. विमा आहे का विचारलं, आणि जावयाने नाही सांगितल्यावर मान वर करून एकदा म्हाताऱ्याकडे बघितलं. जावयाने खिशातून स्वतःचं बँकेचं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. क्रेनवाल्यांनी ते पाहिलं आणि राहू दिलं. एरवी दिलं नसतं.

"बाबा, तो विचारतोय, हा त्रास कधीपासून?"

"सोळा वर्षं."

जावयाने सांगितलं. कारकुनाने आणखी काही विचारलं.

"तो म्हणतोय, तेव्हा काम काय करायचात? कामावर असताना पण होता का?"

क्रेनवाल्यांच्या मागे सात-आठ माणसं उभी होती. त्यांतल्या कुणालाही त्यांची भाषा येत नव्हती. तरी त्यांनी खांदे सरळ केले.

"लिहायला सांगा त्याला. क्रेन चालवत होतो. पाच वर्षं वर असताना होता, अकरा वर्षं खाली उतरल्यावर. वर असताना कुणाला सांगितलं नाही."

जावयाने ते जसंच्या तसं सांगितलं, एकही शब्द न गाळता. कारकुनाने अर्ज फिरवून दाखवला आणि बोट ठेवलं.

"बाबा, तो म्हणतोय रकान्यात एवढी जागा नाही. नुसतं 'हो' लिहू का?"

"नको," क्रेनवाले म्हणाले. "कागद उलटा करायला सांगा. मागे कोरा आहे."